रोजकीर्द आणि खतावणी : संगणकाच्या नोंदवहीतला गोंगाट

लवासात दासवे इथं मी २०२० साली राहायला आले, तेव्हा हे शहर अर्धं राहून गेलेलं होतं. वरसगाव धरणाच्या फुगवट्याकाठी इटलीतल्या बंदरासारख्या रंगीत इमारती, आणि त्यांच्या मागच्या डोंगरावर नुसतेच उभे खांब. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीनं काम थांबलं, पुढच्या वर्षी अटींसह पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आखणी करणाऱ्यांनी इथं तारांनी जोडलेलं, घरबसल्या काम करता येईल असं गाव कल्पिलं होतं. ती कल्पना माझ्यापुरती खरी ठरली. पुण्यातल्या एका छोट्या संगणक कंपनीचं काम मी या तळ्याकाठच्या खोलीतून करते. हा लेख त्या कामातल्या एका गोष्टीविषयी आहे. बाहेरून ती क्षुल्लक वाटते : यंत्रानं आपल्या चुका किती वेळा लिहून ठेवाव्यात?

प्रश्न क्षुल्लक नाही, हे मला २०२३च्या पावसाळ्यात एका फोननं शिकवलं.

दारावरचा कारकून

आधी यंत्र समजून घेऊ. आमची कंपनी दूध संघांसाठी काम करते. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. त्याचं माप, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, उत्पादकाला पावती मिळते आणि तीच नोंद आमच्या डेटाबेसमध्ये येते. दर दहा दिवसांनी त्यावरून दुधाचं बिल निघतं. डेटाबेस म्हणजे संघाचं दफ्तर.

शेकडो केंद्रं एकाच वेळी या दफ्तराच्या दारात आली तर ते कोलमडतं. आम्ही वापरतो तो पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया उभी करतो. म्हणजे आलेल्या प्रत्येक माणसासाठी वेगळा कारकून आणि वेगळं टेबल. मुळात ठरवून दिलेली मर्यादा शंभर जोडण्यांची असते. ती वाढवता येते, पण टेबलं मांडायला जागा लागतेच. म्हणून दारात एक मध्यस्थ बसवतात. त्याला प्रॉक्सी म्हणतात. आत मोजकी टेबलं कायम मांडलेली असतात आणि दारावरचा हा कारकून येणाऱ्याची ओळख तपासून, रिकाम्या टेबलाकडे त्याला पाठवून, काम झालं की पुढच्याला आत सोडतो. पीजीबाउन्सर, प्रॉक्सीएसक्यूएल ही याच जातीची तयार साधनं आहेत. आमचा प्रॉक्सी आम्हीच लिहिलेला होता, म्हणजे पुढं सांगते ती चूकही आमचीच.

दारावरच्या कारकुनाकडं एक वही असते. तिला लॉग म्हणतात. शब्द जहाजांवरून आला आहे : दोरीला बांधलेला ओंडका समुद्रात सोडून वेग मोजायचा आणि वहीत लिहायचा, म्हणून ती ओंडक्याची वही. आपल्याकडं हिला चांगला शब्द आहे, रोजकीर्द. जे घडलं ते घडलं त्या क्रमानं, वेळेसह.

दोन लाख खोट्या आरोळ्या

आमच्याकडं असे चार प्रॉक्सी होते. ते जिवंत आहेत की नाहीत हे पाहायला तीन पहारेकरी यंत्रं होती. प्रत्येक पहारेकरी दर पाच सेकंदांनी प्रत्येक प्रॉक्सीचं दार वाजवी आणि दार उघडलं की काही न बोलता निघून जाई. दार उघडलं एवढंच त्याला पाहायचं असे.

पण प्रॉक्सीला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं कुणीतरी आलं, नाव न सांगता पळून गेलं. तो इमानानं वहीत लिही : ‘त्रुटी : ओळख पटण्याआधीच जोडणी तुटली.’ आता हिशेब करा. पाच सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला १७,२८० ओळी. तीन पहारेकरी, ५१,८४०. चार प्रॉक्सी मिळून २,०७,३६०. रोज दोन लाखांवर त्रुटी, आणि बिघाड एकही नाही. मिनिटाला १४४.

त्या वहीवर आम्ही एक घंटा बसवली होती. मिनिटाला पन्नासपेक्षा जास्त त्रुटी आल्या की रात्रपाळीच्या माणसाचा फोन वाजावा. पहिल्या आठवड्यात तो सतत वाजला. आम्ही मर्यादा दोनशे केली. मग कधी डेटाबेस दोन मिनिटांसाठी बंद करून चालू केला की सगळी केंद्रं एकदम धडका मारत आणि पुन्हा घंटा होई. मर्यादा पाचशे केली. घंटा शांत झाली. आम्हाला वाटलं प्रश्न सुटला.

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी साडेनऊला एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “मॅडम, दूध टँकरनं गेलं. तुमच्या कागदावर मात्र आजचं दूधच नाही.”

झालं होतं असं : त्या दिवशी दुपारी त्यांच्या संघाच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता. तीन प्रॉक्सींवर नवा पोचला, चौथ्यावर जुनाच राहिला. कोणत्या केंद्रानं कोणत्या प्रॉक्सीकडं जायचं हे त्याच्या पत्त्यावरून ठरलेलं असे. सहा केंद्रं चौथ्याच्या वाट्याला होती. सहा वाजल्यापासून ती सहाही दर दोन मिनिटांनी आपला गठ्ठा पाठवत होती आणि प्रॉक्सी त्यांना दारातून परत पाठवत होता. त्यानं हे लपवलं नव्हतं. प्रत्येक वेळी वहीत लिहिलं होतं : ‘त्रुटी : पासवर्ड चुकीचा’, संघाच्या नावासह. साडेतीन तासांत ६३० वेळा.

त्याच साडेतीन तासांत पहारेकऱ्यांच्या ३०,२४० ओळी वहीत पडल्या होत्या. अठ्ठेचाळीस खोट्या आरोळ्यांमागे एक खरी हाक. मिनिटाला १४४च्या जागी १४७. पाचशेवर बसवलेली घंटा कशाला वाजेल?

पासवर्ड बदलायला दोन मिनिटं लागली. पण केंद्रावरचं जुनं यंत्र न गेलेल्या फक्त शेवटच्या पन्नास नोंदी सांभाळून ठेवी. त्याआधीच्या पुसल्या जात. म्हणजे लवकर दूध घालून घरी गेलेल्यांच्या नोंदी गेल्या. रात्री सचिव मंडळींनी घरोघर फोन करून पावत्या गोळा केल्या आणि हातानं भरल्या. ज्यांच्याकडं पावती उरली नव्हती, त्यांचा फॅट आधीच्या दिवसांच्या सरासरीनं धरला गेला. माणसं समजूतदार होती, कुणी भांडलं नाही. तरी त्यातल्या कुणाची म्हैस त्या संध्याकाळी सरासरीपेक्षा चांगलं दूध देऊन गेली असेल, तर तो फरक आमच्या वहीनं बुडवला.

गोंगाटाचे जुने दाखले

जास्त इशाऱ्यांनी माणूस बहिरा होतो, हे आम्ही शोधलेलं नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभरावर इशारे एकदम चालू झाले होते. महत्त्वाचे ठेवून बाकीचे दाबण्याची सोय नव्हती. इशारे छापणारं यंत्र इतकं मागं पडलं की कागदावर येत होतं ते केव्हाच घडून गेलेलं असे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन कामगारांसमोर २७५ इशारे आले होते. त्यांतला नेमका कोणता वाचायचा, हे ठरवण्याइतकाही वेळ त्यांना नव्हता.

उलट टोकाचा दाखला आमच्या डोंगरापलीकडं आहे. मोसे नदीवरच्या वरसगावचा शेजारी म्हणजे आंबी नदीवरचं पानशेत. १२ जुलै १९६१ला ते फुटलं, आणि पुण्यात ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्या बोलण्यात पाण्याइतकीच एक गोष्ट येते : वेळेत कुणी सांगितलं नाही. म्हणजे गप्प राहणं हा गोंगाटावरचा उपाय नव्हे. त्रुटींच्या नोंदी कमी करायच्या असं आम्ही ठरवलं, तेव्हा माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं हाच मुद्दा मांडला. “अगं, वही हा पुरावा असतो. आज फेकलीस ती ओळ उद्या हवी झाली तर?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही केलं ते त्याच्या या प्रश्नाला धरून.

रंग कोणता लावायचा?

पहिलं काम प्रतवारीचं. संगणकाच्या नोंदींना प्रती असतात. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी आपल्या सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी सिसलॉग तयार केला. त्यात शून्य ते सात अशा आठ प्रती आहेत : शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे त्रुटी, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे माहिती, सात म्हणजे दुरुस्तीसाठीचा बारीक तपशील. २००९ साली निघालेल्या आरएफसी ५४२४ या मानकातही त्या तशाच आहेत. अडचण अशी, की कार्यक्रम लिहिणारा प्रत ठरवताना स्वतःपुरतं पाहतो. त्याच्या दहा ओळींच्या दृष्टीनं अपेक्षित गोष्ट घडली नाही, म्हणजे त्रुटी. रात्री दोनला उठणाऱ्या माणसाचा तो विचार करत नाही.

याहून चांगली व्याख्या मला हवामान खात्याच्या रंगांत सापडली. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पाऊस किती पडणार याबरोबरच वाचणाऱ्यानं काय करायचं, हे त्या रंगात आहे. २५ जुलै २०२४ला लवासात चोवीस तासांत सुमारे साडेचारशे मिलिमीटर पाऊस झाला. खात्याच्या मोजणीत २०४.४च्या वर गेलं की ‘अतिमुसळधार’; हा त्याच्या दुपटीहून जास्त. त्या दिवशी आमच्या इथं बंगल्यांवर दरड कोसळली. जो रंग अशा दिवसासाठी राखून ठेवायचा, तो श्रावणसरींना लावून चालत नाही.

म्हणून आम्ही नियम केला : ज्यावर कुणीतरी माणसानं काही करायला हवं, तीच त्रुटी. पहारेकऱ्यानं दार वाजवून जाणं ही त्रुटी नाही, इशाराही नाही. चुकलेला पासवर्ड एखाददा आला तर इशारा. एकाच खात्याकडून पाच मिनिटं सलग आला तर त्रुटी.

तयार साधनांमध्ये ही जाण आधीपासून आहे. एचएप्रॉक्सीमध्ये ‘डोन्टलॉगनल’ नावाचा पर्याय आहे : काहीही न बोलता गेलेल्या जोडणीची नोंद करू नकोस. पण त्याच्याच पुस्तिकेत सावधही केलं आहे, की आपल्या ताब्यात नसलेल्या खुल्या जाळ्यावर हा पर्याय वापरू नये. कारण नाव न सांगता दार वाजवणारा चोरही असू शकतो. म्हणून आम्ही सरसकट गप्प बसवलं नाही. आमच्या तीन पहारेकऱ्यांचे पत्ते प्रॉक्सीला सांगितले. त्यांच्या भेटी फक्त मोजायच्या. चौथा कुणी तसं करून गेला तर लिहायचं.

मोजण्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. मिनिटाला छत्तीस हा आकडा प्रत्येक प्रॉक्सीवर ठरलेला. तो चोवीसवर आला, तर एक पहारेकरी झोपला आहे. दोन लाख ओळींत हे कधीच दिसलं नसतं.

खतावणी

दुसरं काम पुनरुक्तीचं. एकच चूक आमच्याकडं तीन ठिकाणी लिहिली जाई : जोडणी सांभाळणारा भाग लिही, त्याच्यावरचा ओळख तपासणारा लिही, आणि सगळ्यांत वरचाही लिही. प्रत्येकाला वाटे, बाकीच्यांनी लिहिलं नसेल तर? आम्ही ठरवलं, की खालच्यानं चूक वर सांगायची आणि जो शेवटचा निर्णय घेतो त्यानं एकदा, पूर्ण तपशिलासह लिहायची.

मग त्याच त्या चुकीचं काय? जुन्या युनिक्स प्रणालींत एक साधी युक्ती होती : तीच ओळ पुन्हा आली तर ‘वरील मजकूर इतक्या वेळा’ असं लिहायचं. लिनक्सच्या गाभ्यात मर्यादा आहे, पाच सेकंदांत दहा ओळी. जास्त झाल्या तर किती दाबल्या तो आकडा. आम्ही ही मर्यादा जशीच्या तशी उचलली आणि चाचणीतच तोंडावर पडलो. आमची मर्यादा सगळ्यांना मिळून एक होती. डेटाबेस बंद पडल्याची बोंब मारणाऱ्या केंद्रांनी पहिल्याच क्षणी दहाच्या दहा ओळी खाऊन टाकल्या, आणि चुकीच्या पासवर्डची एकुलती ओळ दाबली गेली. दंगा करणाऱ्याला आवरताना आम्ही हळू बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं होतं. पहिल्या दुखण्याहून हे वाईट, कारण आता ती ओळ वहीतही नव्हती.

याचं उत्तर आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. दुकानदार रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार क्रमानं लिहितो, पण कुणाकडं किती येणं आहे हे तिथं शोधत नाही. त्यासाठी तो खतावणी करतो : प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान, रोजकीर्दीतली रक्कम ज्याच्या त्याच्या पानावर. मोठ्या गिऱ्हाइकाची शंभर कलमं त्याच्या पानावर राहतात. वर्षातून एकदा येणाऱ्याचं एक कलम त्याच्या पानावर ठळक दिसतं.

आम्ही तेच केलं. चुकीचा प्रकार, संघ आणि खातं या तिन्हींवरून एक पान. पहिल्यांदा चूक झाली की पूर्ण ओळ लगेच लिहायची. पुढं मिनिटभर फक्त मोजायचं. मिनिट संपलं की एक ओळ, ‘हीच चूक, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत, ४१२ वेळा’. प्रत्येक पानाची मर्यादा वेगळी. इथंही एक खाचखळगा आहे. ओळीचा सगळा मजकूर पान ठरवायला वापरला तर प्रत्येक ओळीत जोडणीचा क्रमांक वेगळा असल्यानं प्रत्येक ओळीचं वेगळं पान होतं, आणि खतावणी पुन्हा रोजकीर्द होऊन बसते. काय सारखं मानायचं, हे आधी माणसानं ठरवावं लागतं.

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नालाही इथंच उत्तर मिळालं. बारीक तपशील फेकायचा नाही, वेगळ्या फायलीत सात दिवस ठेवायचा, तिच्यावर घंटा बांधायची नाही. खास शोध घ्यायचा असेल तेव्हा एखाद्या खात्यापुरता सगळा तपशील चालू करता येतो आणि चोवीस तासांनी तो आपोआप बंद होतो. ही कल्पना ॲमेझॉनच्या आरडीएस प्रॉक्सीतली. तिथंही तपशीलवार नोंद चोवीस तासांनी स्वतःच बंद होते. माणूस चालू करतो आणि विसरतो, हे त्यांनी गृहीत धरलं आहे.

आणि तिसरं काम उगमाशी. नकार मिळालेल्या केंद्रानं लगेच पुन्हा धडक मारण्याऐवजी एक, दोन, चार, आठ सेकंद असं थांबत जायचं, शिवाय प्रत्येकानं थोडं मागंपुढं, म्हणजे सगळी एकाच ठोक्याला येत नाहीत. नोंद कमी करण्यापेक्षा नोंदीचं कारण कमी करणं केव्हाही चांगलं.

निवड कोण करतं?

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. हजारो रुमालांतून तेवढेच छापले, आणि पुण्याच्या दफ्तरखान्यात मूळ रुमाल राहिले. ते राहिले म्हणून पुढच्या अभ्यासकांना सरदेसाईंची निवड तपासता आली. आमचं काम त्यांच्यापुढं काहीच नाही, पण धडा तोच आहे : निवड करा, आणि निवड चुकली तर मागं जाण्याची वाट ठेवा.

बदल झाल्यावर आम्ही एक परीक्षा घेतली. चाचणीच्या यंत्रावर एका प्रॉक्सीवरचा पासवर्ड मुद्दाम जुना ठेवला, डेटाबेसही मधूनच बंद-चालू केला, आणि या कामाशी संबंध नसलेल्या एका नवख्या मुलीला वही दिली. काय बिघडलंय ते सांग. तिला चार मिनिटं लागली. जून महिन्यातली वही दिली होती, तेव्हा अर्ध्या तासानं तिनं विचारलं होतं, “ही ‘जोडणी तुटली’वाली भानगड मोठी आहे का?”

आता त्रुटींची वही रोज शे-दीडशे ओळींची असते आणि सोमवारी सकाळी मी ती खरोखर वाचते. घंटा पुन्हा खाली आणली आहे : एका पानावर पाच मिनिटं सलग चूक दिसली की वाजते, मग ती मिनिटाला तीनच का असेना.

गेल्या पावसाळ्यात त्याच संघाचा पासवर्ड पुन्हा बदलला, आणि पुन्हा एका प्रॉक्सीवर जुना राहिला. माणसं तीच, घाई तीच. संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी माझा फोन वाजला. पडद्यावर संघाचं नाव, प्रॉक्सीचा क्रमांक आणि ‘पासवर्ड चुकीचा’. सव्वासहाला गठ्ठे जाऊ लागले. कुणाची नोंद पुसली गेली नाही. मी सचिवांना फोन करून सांगितलं, की दहा मिनिटं तुमच्या नोंदी अडल्या होत्या, आता पोचल्या आहेत.

“अडल्या होत्या होय?” ते म्हणाले. “इथं कुणाला कळलं नाही, मॅडम.” मागं कॅन आपटल्याचा आवाज येत होता. त्यांना पुढच्याचं माप घ्यायचं होतं, म्हणून मी फोन ठेवला.